दोन जातींचे प्राणी एकत्र दिसले, की त्यांच्यात 'नातं' आहे हे ठरवायचं कसं?

नाकतोडा

बदक मांजराच्या पाठीवर बसलंय, माकड कुत्र्याच्या पिल्लाला कुरवाळतंय, असले व्हिडिओ रोज फिरतात आणि खाली 'माणसांनी यांच्याकडून शिकावं' छापाच्या प्रतिक्रिया. ते सोडून देऊ. पण पाठ्यपुस्तकातल्या तीन कप्प्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. दोघांचा फायदा ते सहजीवन, एकाचा फायदा आणि दुसऱ्याला फरक नाही ती सहभोजिता, एकाचा फायदा नि दुसऱ्याचं नुकसान ती परजीविता. जोडी दिली की कप्पा सांगायचा आणि गुण घ्यायचे.

माझं म्हणणं असं की कप्पा जोडीचा नसतोच, परिस्थितीचा असतो. आणि तो नुसतं बघून कळत नाही. दोघांपैकी एकाला बाजूला काढायचं आणि दुसऱ्याचं काय होतं ते मोजायचं, हीच खरी कसोटी.

उदाहरण आफ्रिकेतल्या ऑक्सपेकरचं. गुरांच्या, म्हशींच्या, गेंड्यांच्या अंगावर बसून गोचिड्या खाणारा पक्षी. सहजीवनाचं ठरलेलं चित्र. झिंबाब्वेत बैलांच्या एका गटाजवळ या पक्ष्यांना फिरकू दिलं नाही आणि दुसऱ्या गटाजवळ येऊ दिलं. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या मोठ्या गोचिड्यांच्या संख्येत म्हणावा असा फरक नव्हता. उलट पक्षी येत होते त्या बैलांच्या जखमा जास्त दिवस उघड्या राहिल्या, कारण हे महाशय जखमेवर चोच मारून रक्त पितात. कानातला मळ मात्र त्यांनी साफ केला होता.

तर प्रश्न असा: असं एकाला काढून पाहिलेल्या आणखी कुठल्या जोड्या आहेत, आणि काय निघालं? ऐकीव नको, तपशील हवा.

टिटवी

गायबगळा आणि गुरं? गुरं चालली की गवतातले किडे उडतात, बगळा ते टिपतो. गुरांना काही फरक नाही. हा कप्पा तरी पक्का ठेवा की.

नाकतोडा

@टिटवी, बगळ्याची बाजू पक्की आहे. गुरांजवळ त्याला कमी पावलं टाकून जास्त भक्ष्य मिळतं. नांगरणाऱ्या ट्रॅक्टरमागेही तो तसाच चालतो, म्हणजे त्याला गाय नको आहे, गवत हलवणारं काहीतरी हवं आहे. गायीची बाजू 'शून्य' असं आपण लिहितो, ते बहुतेक वेळा कोणी मोजलेली नसते म्हणून.

खडकचिमणी

ऑक्सपेकरवर अर्धीच फिर्याद ऐकवलीत. दक्षिण आफ्रिकेतल्या श्लुश्लुवे-इंफोलोझी अभयारण्यात काळ्या गेंड्यांवर काम झालंय, २०२० साली प्रसिद्ध. माणूस आडवाऱ्यातून, म्हणजे वास जाणार नाही अशा दिशेने, गेंड्याकडे चालत जातो आणि गेंडा सावध झाला की अंतर मोजतो. अंगावर पक्षी नसताना फक्त २३ टक्के वेळा गेंड्याला चाहूल लागली आणि तीही सरासरी २७ मीटरवर. पक्षी असताना प्रत्येक वेळी लागली, सरासरी ६१ मीटरवर. गेंड्याची नजर अधू, त्यामुळे पक्ष्याची कर्कश हाक हाच त्याचा डोळा. हाक ऐकून तो वारा जिकडे वाहत जातो तिकडे तोंड करतो, कारण तिकडचा वास त्याला येत नाही आणि मागावर येणारा सहसा तिकडूनच येतो.

म्हणजे तोच पक्षी बैलाच्या पाठीवर रक्तपिपासू आणि गेंड्याच्या पाठीवर पहारेकरी. गोठ्यातल्या बैलाला पहारा नकोच असतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात ती जमेची बाजू येतच नाही. तुमच्या 'परिस्थितीचा कप्पा' या मुद्द्याला यातून बळच मिळतं, पण 'एकाला काढून मोजा' यात काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं. गोचिड्या मोजल्यात म्हणून गोचिड्यांचंच उत्तर मिळालं.

शेवाळ

+१. शिवाय एकाच ठिकाणचे, एकाच कळपातले बैल. २०११ मध्ये अनेक जातींच्या खुरवाल्या प्राण्यांची तुलना झाली, तेव्हा ऑक्सपेकर जास्त गोचिड्या असलेल्या जातींवर जास्त बसतात असं दिसलं. पातळ कातडी आहे, चोच सहज घुसेल, म्हणून निवड झाली असं दिसलं नाही. तेव्हा गोचिड्या हेच मुख्य जेवण, रक्त वरकड.

वानरसेना

मी चितळ आणि वानरांबद्दल लिहितो. झाडावर वानर, खाली चितळ. वानर फांद्या मोडून अर्धवट खाल्लेला पाला, फळं खाली टाकतात, चितळ ती खातात. वानरांना वरून बिबट्या किंवा वाघ लवकर दिसतो, चितळांचं नाक आणि कान तेज. एकाने ओरडून इशारा दिला की दुसरा सावध. पण मूळ अडचण अशी की दोघांनाही त्याच झाडाखाली, त्याच पाणवठ्यावर यायचं असतं. मग ते एकत्र 'येतात' की नुसते एकत्र 'सापडतात'? १९८९ साली कान्हाच्या वानरांवर आणि चितळांवर जो शोधनिबंध आला त्याच्या शीर्षकातच हा प्रश्न होता.

हे तपासायची रीत सांगतो, कारण इथेच बहुतेकांची निरीक्षणं फुकट जातात.

आधी 'एकत्र' म्हणजे किती अंतर ते ठरवून टाकायचं, समजा २५ मीटर, आणि नंतर ते बदलायचं नाही. एक वानरटोळी निवडायची आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिच्याबरोबर राहायचं. दर १० मिनिटांनी नोंद: चितळ आहेत की नाहीत, किती, किती अंतरावर, वानर खातायत की बसलेत, कुठलं झाड. चितळ नसतानाच्या नोंदी सगळ्यात महत्त्वाच्या. लोक चितळ आले की वही काढतात, मग अर्थातच वहीत वानर कायम चितळांबरोबरच असतात. भेट सुरू झाली की कोण चालत आलं, संपली की कोण निघून गेलं, हेही लिहायचं. येणारे नेहमी चितळच असतील तर गरज कोणाला आहे ते कळतं.

मग दोन्ही प्राण्यांची दाटी, त्यांचा चालण्याचा वेग आणि टोळीचा पसारा यांवरून, दोघं एकमेकांकडे पूर्ण दुर्लक्ष करत भटकले असते तर किती वेळा आणि किती वेळ समोरासमोर आले असते, हे गणिताने काढता येतं. प्रत्यक्षातला आकडा त्याहून बराच मोठा असेल तरच पुढे बोलायचं. आणि फळांचा मोसम वेगळा काढा. एखादं झाड फळांनी लगडलंय तेव्हा सगळं जंगलच तिथे असतं.

टिटवी

इशाऱ्याची हाक खरंच ऐकतात हे कसं ठरवतात? बिबट्या तर दोघांनाही दिसू शकतो.

वानरसेना

ध्वनिमुद्रण ऐकवून. बिबट्या नसताना लपवलेल्या ध्वनिवर्धकातून वानरांचा 'खॅक' वाजवायचा आणि चितळांनी मान वर केली का, खाणं किती सेकंद थांबलं, पळाले का, हे चित्रित करायचं. तेवढ्याच मोठ्या आवाजात होल्याचं घुमणंही वेगळ्या वेळी वाजवायचं, नाहीतर ते वानराला दचकले की नुसत्या अचानक आवाजाला, हे सांगता येत नाही. नेहमीचा घोळ म्हणजे एकच मुद्रण वीस वेळा वाजवणं. मग तुम्ही एका वानराच्या एका हाकेबद्दल बोलताय, वानरांबद्दल नाही. वेगवेगळ्या वानरांच्या निदान आठ-दहा हाका हव्यात. आणि एकाच कळपाला रोज वाजवलं तर तिसऱ्या दिवशी ते ढुंकूनही बघत नाहीत.

चिमटा

लांडगा आला रे आला!

कोतवालपुरा

@चिमटा, तुम्ही थट्टेत लिहिलंत, पण आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातला कोतवाल पक्षी नेमका हाच धंदा करतो. तिथला दुभंगशेपटी कोतवाल मीरकॅट हे मुंगसासारखे प्राणी आणि पाइड बॅबलर हे पक्षी यांच्या टोळ्यांवर नजर ठेवून बसतो. शिकारी पक्षी आला की खरा इशारा देतो, ते लपतात, त्यांचा फायदा होतो. मग कोणाला तरी मोठी अळी सापडली की हा खोटा इशारा देतो, तो अळी टाकून बिळात, आणि हा खाली येऊन अळी उचलतो. २०१४ च्या अभ्यासात कोतवालांच्या तोंडी ५१ प्रकारच्या इशाऱ्यांची नोंद आहे, त्यांतले बरेचसे इतर जातींकडून उचललेले. दिवसाच्या खाण्यापैकी २३ टक्के चोरीचं.

एकच खोटी हाक सारखी वाजवली तर समोरचे दाद देईनासे होतात, वर वानरसेना म्हणाले तसंच. म्हणून कोतवाल हाक बदलतो. एकदा स्वतःची, मग मीरकॅटची, मग आणखी कोणाची. हे कुठल्या कप्प्यात टाकायचं? सकाळी नऊ वाजता सहजीवन, सव्वानऊला दरोडा.

शेवाळ

आता समुद्रात उतरू, कारण मूळ प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर तिथे आहे.

प्रवाळखडकांवर निळ्या-काळ्या पट्ट्यांचा बोटभर लांबीचा क्लीनर रॅस मासा असतो. त्याची जागा ठरलेली. मोठे मासे तिथे येऊन तोंड आणि कल्ले उघडून स्तब्ध राहतात आणि हा आत शिरून परजीवी टिपतो. दिवसाला सुमारे १,२०० परजीवी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे: त्याला परजीवींपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो. तो थर खाणं म्हणजे गिऱ्हाइकाला चावणंच. चावा बसला की गिऱ्हाईक अंग झटकतं. पाण्याखाली नोंद करणारे ही झटकी मोजतात, कारण चावा दिसत नाही, झटकी दिसते.

आता गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. ज्यांचा वावर मोठा असतो ते मासे फसवणूक झाली तर दुसऱ्या ठाण्यावर जातात, म्हणून त्यांचा नंबर आधी लागतो. एकाच कोपऱ्यात राहणाऱ्यांना दुसरीकडे जाता येत नाही, ते चावणाऱ्याचा पाठलाग करून त्याला पिटाळतात. आणि शिकारी मासे, ज्यांना हा सहसा चावतच नाही, कारण तो त्यांच्या जबड्यात असतो. दुसरं गिऱ्हाईक बघत असेल तर सेवा सुधारते. चिडलेल्या गिऱ्हाइकाच्या पाठीवरून हा परांनी गोंजारत फिरतो. सर्जनफिशला यंत्राला जोडलेल्या खोट्या माशाने असं गोंजारून पाहिलं, तर त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं.

चिमटा

साहेब समोर असले की फाइल हलते, तसं.

शेवाळ

अगदी. आणि @नाकतोडा, तुमची कसोटी: ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ काही छोट्या खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षं सतत काढत राहिले आणि शेजारच्या खडकांवर तसेच ठेवले. काढलेल्या खडकांवर तिथेच राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्के कमी आणि जातींची संख्या २३ टक्के कमी भरली. चावरा, लबाड, पण एकूण हिशेब जमेचाच. दोन-चार महिन्यांत थांबले असते तर 'फरक नाही' असा निष्कर्ष निघण्याचीच शक्यता जास्त होती.

अवांतर: हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक ब्लेनी मासा आहे. तसाच नाचतो, जवळ येतो आणि पराचा लचका तोडून पळतो. ओळखायचं तोंडावरून. क्लीनर रॅसचं तोंड टोकाला, या तोतयाचं खालच्या बाजूला.

आणखी अवांतर: क्लीनर रॅस घरच्या टाकीत ठेवू नका. तीन-चार माशांच्या अंगावरचे परजीवी त्याला पुरत नाहीत. तयार खाद्याला तोंड लावलं नाही तर उपाशी मरतो.

जास्वंदी

आम्ही कुंड्यांवाले काय काढून बघणार? मावा आणि मुंग्या चालतील का? मुंग्या मावा 'पाळतात' हे कितपत खरं?

मुंगीमोजणी

@जास्वंदी, चालतील म्हणजे काय, घरच्या घरी करता येणारा यापेक्षा सोपा प्रयोग नाही. मावा रस शोषून गोड चिकट द्राव टाकतो, मुंग्या तो पितात आणि बदल्यात ढालकिडे, त्यांच्या अळ्या, मावाभक्षी गांधीलमाश्या यांना हुसकतात. आता करायचं असं.

एकाच झाडाच्या दोन सारख्या फांद्या निवडा, दोन्हींवर मावा असलेल्या. एका फांदीच्या बुडाशी कापसाची पातळ गादी, त्यावर १० सेंटिमीटर रुंद कागदी पट्टी घट्ट गुंडाळा, आणि पट्टीवर चिकट लेप लावा. थेट सालीवर लेप नको, कोवळी साल जळते. कापूस नसेल तर मुंग्या पट्टीखालच्या फटीतून जातात. दुसऱ्या फांदीलाही तशीच पट्टी, पण लेपाशिवाय. नाहीतर फरक लेपाचा की पट्टीचा ते कळत नाही. मग दर तीन दिवसांनी दोन्ही फांद्यांवरच्या खूण केलेल्या दहा-दहा पानांवर मावा मोजा. फुगलेला, तपकिरी, कागदासारखा मावा वेगळा मोजा. त्याच्या पोटात गांधीलमाशीची अळी आहे.

काय बिघडतं? एखादं पान भिंतीला किंवा शेजारच्या फांदीला टेकलेलं असतं आणि मुंग्यांना पूल मिळतो. लेपावर धूळ बसते. किंवा चिकटलेल्या मुंग्यांच्याच अंगावरून बाकीच्या पलीकडे जातात. आठवड्यातून एकदा बघावंच लागतं.

आणि 'पाळतात' म्हणाल तर पाळलेलं जनावर खाल्लंही जातं. मुंग्यांना प्रथिनं कमी पडली की त्या मावा खातात. शेजारी साखरपाणी ठेवलं तर माव्याच्या गोडीची गरज कमी होते आणि काही मुंग्या मावा जास्त खाऊ लागतात. हा उपाय म्हणून करू नका, उलट मुंग्याच वाढतील.

खडकचिमणी

मुंग्यांवरून केनियाचा प्रयोग आठवला. तिथे एका जातीच्या बाभळीला पोकळ फुगीर काटे येतात, त्यांत मुंग्या राहतात, पानांच्या देठाशी मध मिळतो. हत्ती-जिराफांनी फांदी ओढली की मुंग्या सोंडेत, नाकात शिरून चावतात. १९९५ पासून काही जागांना कुंपण घालून मोठे शाकाहारी प्राणी बाहेर ठेवले. आता झाडाला शत्रूच नाही, म्हणजे झाड फोफावायला हवं.

दहा वर्षांनी उलटं दिसलं. हत्ती नाहीत म्हटल्यावर झाडांनी काटे आणि मध दोन्हींत काटकसर केली. घर आणि खाणं कमी झाल्याने राखणदार मुंग्यांची जात मागे पडली आणि दुसरी जात वरचढ झाली. या दुसरीला काटे नकोतच, ती खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या बिळांत राहते आणि म्हणून त्या भुंगेऱ्यांना येऊ देते. झाडांची वाढ मंदावली, मरण्याचं प्रमाण दुप्पट झालं. हत्तीला काढलं आणि बाभूळ मेली. दोघांच्या नात्यात तिसरा होता, तो कोणी धरलाच नव्हता.

पानगळ

सगळं हिशेबात बसवायचा अट्टहास का? गीरमधल्या सिंहिणीने बिबट्याचं पिल्लू सांभाळलं, त्यात कसला जमाखर्च? सिंह आणि बिबटे एकमेकांची पिल्लं मारतात. तरी तिने दूध पाजलं.

वानरसेना

@पानगळ, घटना खरी आहे, २०१८ च्या डिसेंबरातली. सिंहिणीची स्वतःची दोन पिल्लं साधारण तीन महिन्यांची, बिबट्याचं दोन महिन्यांचं. ती त्याला दूध पाजायची, शिकारीतलं मांस देऊ करायची. सुमारे दीड महिना हे चाललं, मग पिल्लू मेलेलं सापडलं. शवविच्छेदनात जन्मजात हर्निया निघाला, सिंहांनी मारलं नव्हतं.

फायदा कोणालाच दाखवता येत नाही, हे मान्य. पण स्पष्टीकरण आहे. नुकत्याच व्यालेल्या मादीत संप्रेरकांमुळे पिल्लू सांभाळण्याची ओढ तीव्र असते, आणि त्या वयात दोन्ही पिल्लांचं वागणं, ओरडणं, लुचणं सारखंच. फरक पुढे पडला असता, सिंह टोळीने राहतो आणि बिबट्या एकटा. ही चुकलेली ओळख असेल किंवा सैल सोडलेली ओळख. जातीजातींतलं नातं म्हणायला ते पुन्हा पुन्हा व्हायला हवं. अशा नोंदी अगदी तुरळक आहेत.

पानगळ

पटत नाही, पण उत्तर आवडलं.

टिटवी

मगरीच्या तोंडात शिरून दात कोरणारा पक्षी राहिलाच.

खडकचिमणी

तो हेरोडोटसपासून चालत आलेला आहे, अडीच हजार वर्षं झाली, भरवशाची नोंद अजून नाही. मगरीजवळ पक्षी वावरतात, तोंडात शिरून जेवतात याला पुरावा नाही. हनीगाइड पक्षी रॅटेलला, म्हणजे मध खाणाऱ्या हनी बॅजरला, मधाकडे नेतो ही गोष्टही तशीच कच्ची. माणसांना नेतो हे मात्र पक्कं. मोझांबिकमधल्या नियासा भागात मध गोळा करणारे याओ लोक 'ब्र्र्र-हम्' अशी खास हाक देतात. ती हाक दिली तर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ६६ टक्के, इतर आवाजांना साधारण ३३. पोळं सापडण्याची शक्यता १६ वरून ५४ टक्क्यांवर जाते. मध माणसाला, मेण पक्ष्याला. हाच पक्षी अंडी मात्र दुसऱ्याच्या घरट्यात घालतो आणि त्याचं आंधळं पिल्लू चोचीच्या आकड्याने यजमानाची पिल्लं मारतं. एकाशी भागीदार, दुसऱ्याचा खुनी.

नाकतोडा

धागा भरकटला तरी मूळ प्रश्नाला भरपूर मिळालं. एक भर माझीही, 'माणसाने नकळत तिसऱ्याला काढलं' या प्रकारातली.

ब्रिटनमधलं लार्ज ब्लू फुलपाखरू. अळी थाइमच्या फुलांवर तीनेक आठवडे वाढते, मग जमिनीवर पडते, गोड द्राव सोडते आणि लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते. तिथे ही दहा महिने मुंग्यांची पिल्लं खाते. वजनाचा ९८ टक्क्यांहून जास्त भाग वारुळात मिळवलेला. फुलपाखरं कमी होऊ लागली तेव्हा लोकांनी संग्राहकांवर ठपका ठेवला आणि कुरणांना कुंपणं घातली. कुंपणामुळे गुरंही बाहेर राहिली. त्याआधी १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले होते. गवत वाढलं, जमीन सावलीत गेली, थंड झाली, आणि जिच्या वारुळात अळी खरी तगते ती मिर्मिका साबुलेटी ही ऊब लागणारी जात तिथून हटली. दुसऱ्या जातीच्या मुंग्या अळीला उचलून नेत, पण तिथे ती क्वचितच वाचे. १९७९ मध्ये फुलपाखरू ब्रिटनमधून संपलं. कारण उलगडलं तेव्हा उशीर झाला होता. १९८३ पासून स्वीडनमधून आणून पुन्हा सोडलं, आधी चराई सुरू करून गवत आखूड केलं आणि मग ते टिकलं.

परजीवीला वाचवायचं तर यजमान वाचवावा लागतो, आणि यजमानाला वाचवायला ससा.

जास्वंदी

@मुंगीमोजणी, पट्टी बांधली तर त्या फांदीवर आधीच वर असलेल्या मुंग्यांचं काय? त्या अडकूनच राहतील ना?

मुंगीमोजणी

चांगला प्रश्न. पट्टी बांधायच्या आधी पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने वरच्या मुंग्या उतरवा. फवारा दोन्ही फांद्यांवर सारखाच मारा, कारण त्याने मावाही थोडा पडतो. मोजणी त्यानंतर एक दिवस सोडून सुरू करा.